मंदीतला बाजार आणि महापालिकेची तिजोरी : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही शहरातील मंदी आणि महापालिकेचा जमाखर्च या विषयावर सोलापूरच्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत संताप बराच होता आणि तो समजण्यासारखाही आहे. ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल, असे पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : नवी पेठेत आमचे तयार कपड्यांचे दुकान आहे, जागा स्वतःची आहे. दिवाळीपासून विक्री निम्म्यावर आली, उधारी वाढली, आणि अशात मालमत्ता कराची नोटीस हाती पडली. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावली आहे. शेतकऱ्याला कर्जमाफी मिळते, मग मंदीत व्यापाऱ्याला करमाफी का नको? महापालिकेला पैशाची एवढी कसली निकड आहे?

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण पहिल्या भागाचे उत्तर त्यातूनच निघते.

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तोवर बाजाराचे दुखणे महापालिकेला लगेच जाणवत असे. पुणे रस्त्याने किंवा हैदराबाद रस्त्याने आलेली मालमोटार नाक्यावर थांबे, पावती फाटे आणि त्या दिवसाचा भरणा तिजोरीत जाई. लग्नसराईत भरणा फुगे, दुष्काळी वर्षात आटे. नाक्यांवरच्या रांगा, चिरीमिरी आणि वाया जाणारे डिझेल यांमुळे जकात बदनाम झाली होती, आणि ती गेली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. पण बाजार बसला की त्याची बातमी महापालिकेला त्याच आठवड्यात कळे, हा तिचा एक गुण तिच्याबरोबरच गेला आणि त्याची नोंद कोणी घेतली नाही. राज्यातील महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सर्व दुकानदारांना. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर उरलासुरला भागही संपला. त्याच्या बदल्यात राज्य सरकारने महापालिकांना भरपाई द्यावी असे कायद्याने ठरले, आणि २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून दरसाल ८ टक्के वाढ, हे तिचे सूत्र झाले.

या सूत्राचा अर्थ व्यापाऱ्यांनी नीट पाहावा. उद्या नवी पेठ ओस पडली तरी भरपाईची रक्कम कमी होत नाही, म्हणून मंदीच्या वर्षात ती महापालिकेला आधारच आहे. मात्र चाटी गल्लीची उलाढाल दुप्पट झाली तरी त्यामुळे ती रक्कम एका रुपयानेही वाढत नाही. शहराचा व्यापार वाढावा यात महापालिकेचा जो रोख स्वार्थ होता तो अशा रीतीने संपला, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत व्यापाऱ्यांच्या तक्रारींना जी थंड वागणूक मिळते तिचे मूळ कोणा अधिकाऱ्याच्या स्वभावात नसून या हिशेबात आहे. त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबली, त्यामुळे प्रभागातून वर जाणारी हाकही त्या काळात बंद झाली होती.

आता स्वतःच्या उत्पन्नाचे पाहू. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांचे शुल्क आणि गाळ्यांचे भाडे, एवढीच काय ती हुकमी साधने. मंदीत पहिली दोन थकतात, बिल्डरांनी कामे थांबवली की तिसरे आटते, आणि गाळेवाल्यांचीही तुमच्यासारखीच स्थिती असते. आपण वर्षाला जो अडीच हजार रुपयांपर्यंतचा व्यवसाय कर भरता तो महापालिकेचा नसून राज्याचा आहे. मालमत्ता कराच्या बिलातही शिक्षण कर आणि रोजगार हमी कर या नावांनी जी रक्कम असते ती महापालिका राज्यासाठी गोळा करते. खर्चाची बाजू मात्र मंदी ओळखत नाही. पगार आणि निवृत्तिवेतन द्यावेच लागते, शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनीचे पाणी पंपाने शहरात आणावे लागते आणि त्याचे वीजबिल दरमहा येते. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरांवरून १७८ वर गेले. त्या भागातील रस्ते, गटारे आणि दिवे पुरवण्याचे काम अजून संपलेले नाही, तिथला कर मात्र गावठाणातल्या पेठांइतका दाट कधीच नव्हता.

कर्जमाफीशी केलेली तुलना मला पटत नाही. कर्जमाफी राज्य सरकार देते आणि राज्य कर्ज काढून तो खड्डा बुजवू शकते. महापालिकेला पगारासाठी कर्ज काढण्याची मोकळीक नाही. तिने करमाफी दिली तर तेवढेच पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी रस्त्यातून, दवाखान्यातून किंवा बिलातून कापले जाणार. शिवाय मालमत्ता कराच्या माफीचा लाभ मालमत्तेच्या मालकाला होतो. तुमची जागा स्वतःची आहे, पण पेठेतील भाडेकरू दुकानदाराला, ज्याला मंदीची झळ सर्वांत आधी लागते, त्यातून एक पैही मिळण्याची खात्री नाही. शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनांबद्दलही असेच. थकबाकी वसूल झाली म्हणून मार्चअखेर सगळे खूश होतात, पण दरवर्षी वेळेवर भरणारा माणूस आपण मूर्ख ठरलो असे मनाशी धरून बसतो आणि पुढच्या वर्षी तोही थांबतो.

मग करावे काय? कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन तारखांना तो देय होतो. ज्या धंद्यात रोकड आठवड्याला फिरते त्याच्यासाठी हा हप्ता मोठा आहे. जीएसटी विवरणपत्रांवरून विक्री घटल्याचे दिसत असेल, तर अशा दुकानदाराला चालू वर्षाचा कर दहा मासिक हप्त्यांत, शास्तीशिवाय, भरू द्यावा अशी मागणी व्यापारी संघटनांनी करावी. ती माफीपेक्षा पदरात पडण्याजोगी आहे, कारण महापालिकेला तिच्यात तोटा नाही, उलट थकणारे पैसे दरमहा हाती येतील. मागणी नेण्याची वेळही महत्त्वाची आहे. पुढील वर्षाच्या करांचे दर कायद्यानुसार २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, तेव्हा जानेवारीत गेलेल्या निवेदनाला अर्थ असतो. नोटीस हाती पडल्यावर काढलेल्या मोर्चाने वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, एवढेच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. इमारत रिकामी पडली असेल तर कराच्या काही भागाचा परतावा मागण्याची तरतूद कायद्यात आहे, पण जागा रिकामी झाल्याची लेखी सूचना वेळेत दिलेली असली पाहिजे. बंद पडलेल्या कारखान्यांचे किती मालक अशी सूचना देतात, असा प्रश्न मी स्वतः दोन-तीन करसल्लागारांना विचारला, तेव्हा ते नुसतेच हसले.

प्रश्न : मी विडी घरकुल भागात बारा शिलाई मशीनवर गणवेश शिवून घेते. एका स्थानिक संस्थेला शाळेचे गणवेश पुरवून चौदा महिने झाले, बिल मिळालेले नाही. कामावरच्या बायकांना मी दागिने गहाण ठेवून मजुरी दिली. कायद्याचा काही आधार आहे का?

ताई, आधार आहे आणि तो बराच भक्कम आहे, पण त्यासाठी पहिली अट अशी की पुरवठा करण्यापूर्वी आपली ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद, झालेली असावी. ती झाली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करारात याहून मोठी मुदत लिहिलेली असली तरीही. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज देय होते. तक्रार केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि ती सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेपुढे जाते. परिषदेचा निवाडा आपल्या बाजूने लागला आणि समोरच्याला न्यायालयात जायचे असले, तर त्याला आधी निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. ही शेवटची अट फार मोलाची आहे, कारण केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्याची सोय तिने बंद केली. आपण स्वतः शिवून माल देता म्हणून हे संरक्षण आपल्याला आहे. तयार माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही, आणि बांधकामाच्या ठेक्यांबाबत न्यायालयांत मतभेद झालेले असल्याने तशा कामांसाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्याजवळ माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती असेल, तर तिच्या चार प्रती आजच काढून ठेवा.

हे उत्तर येथे संपवता आले असते, पण मंदीविषयी मला जे म्हणायचे आहे ते सगळे आपल्या चौदा महिन्यांतच दडलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्थानिक संस्थांची बिले थकतात ती बहुतेक वेळा कोणी मुद्दाम अडवल्यामुळे नव्हे. अंदाजपत्रक मांडताना जमेचे आकडे फुगवले जातात. मागच्या वर्षी जेवढी वसुली झाली तेवढीच धरली तर कामे कापावी लागतील आणि कामे कापणे कोणालाच आवडत नाही, म्हणून वसुली वाढेल असे गृहीत धरले जाते. त्या न आलेल्या पैशावर कामे मंजूर होतात, कार्यादेश निघतात, माल पोचतो. वर्षअखेरीस प्रत्यक्ष जमा कमी पडते आणि लेखा विभागात बिलांची थप्पी लागते. केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून अनुदान आले तर त्यात संस्थेने स्वतःचा हिस्सा घालायचा असतो, तोही याच तोकड्या जमेतून जातो, आणि मग गणवेशाचे बिल आणखी खाली सरकते. तेजीच्या वर्षात पुरवठादार हे सोसतो. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवून मिळते, दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे येतात, भिशी उचलता येते. मंदीत या तिन्ही वाटा एकदम बंद होतात आणि तेच थकलेले बिल माणसाला बुडवते.

समजा, आपले बिल तीन लाखांचे आहे. ते वेळेवर मिळाले असते तर त्यातून बायकांची मजुरी, कापडवाल्याचे देणे आणि दोऱ्या-बटणांचा हिशेब त्याच आठवड्यात फिटला असता. बायकांनी किराणा दुकानाची उधारी फेडली असती, किराणावाल्याने मार्केट यार्डातल्या आडत्याचे दिले असते, आणि वर्षभरात तेच तीन लाख शहरात पाच-सहा हातांतून फिरले असते. त्यांतल्या कोणीतरी त्या पैशातून आपली पाणीपट्टीही भरली असती. चौदा महिने ते एका फायलीत पडून राहिले, आणि तेवढ्या काळात पाच-सहा माणसांनी आपापले देणे थकवले. म्हणजे बिल थकवणाऱ्या संस्थेने आपल्याच वसुलीची वाट अडवली. मंदीत शहराला पैसा कमी पडतो हे खरे, पण त्याहून जास्त तो अडकून पडतो. महापालिका नवा पैसा निर्माण करू शकत नाही. असलेला पैसा अडवायचा नाही, एवढे मात्र तिला करता येते, आणि ज्या वर्षी बाजार बसलेला असतो त्या वर्षी लहान पुरवठादारांची बिले आधी आणि मोठ्या ठेकेदारांची नंतर असा साधा क्रम लावला तरी कोणत्याही सवलत योजनेपेक्षा त्याचा परिणाम लवकर दिसेल. त्यासाठी निराळा निधी लागत नाही. प्रलंबित बिलांची तारीखवार यादी महिन्याच्या महिन्याला जाहीर केली, तर रांग मोडून पुढे गेलेले बिलही लोकांना दिसेल, आणि मला वाटते नेमकी हीच अडचण आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हापासून ऑर्डरींचे गणित विस्कटले ते अजून जुळलेले नाही. निम्मे माग उभे आहेत. महापालिका उद्योगासाठी काही करू शकते, की ती फक्त कर घेण्यापुरती आहे?

आयातशुल्क, सुताचा भाव, विजेचा दर आणि बँकेचे व्याज यांपैकी एकही गोष्ट महापालिकेच्या हाती नाही, तेव्हा तिच्याकडून त्यांची अपेक्षा करू नये. सोलापूरने याहून मोठे धक्के पचवलेले आहेत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठत-बसत होते, त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांतल्या कामगारांना सावरले ते पूर्व भागातल्या यंत्रमागांनी आणि घरोघरच्या बायकांच्या विडीच्या सुपांनी. त्या वेळी कोणत्याही संस्थेने आखलेली योजना त्यामागे नव्हती. पण तेव्हा शेजारी दुसरा धंदा तयार होता. आज माग थांबले तर शिलाईकाम सोडून दुसरे काय आहे, हा प्रश्न मलाही सतावतो.

महापालिकेच्या हाती जे आहे ते साधे वाटते, पण त्याची किंमत आपण कारखानदार चांगली ओळखता. पहिले पाणी. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात पाण्याच्या दिवशी कांडीवाल्या (सुताच्या कांड्या भरणाऱ्या) आणि शिलाईच्या बायका कामावर येत नाहीत किंवा उशिरा येतात, त्यांची उक्ती मजुरी बुडते आणि आपले माग खोळंबतात. पाणी कोणत्या भागात किती वाजता येणार हे वेळापत्रक जरी महिनाभर आधी ठरले आणि पाळले गेले, तरी कामाचे कितीतरी तास वाचतील. मुबलक पाणी पुढचा प्रश्न झाला, ठरल्या वेळेचे पाणी आजही देता येण्यासारखे आहे. दुसरे सांडपाणी. रंगाईचे पाणी नाल्यात सोडण्यावरून लहान प्रोसेस हाऊसना नोटिसा येतात आणि एकेकट्याला शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. सामाईक यंत्रणेसाठी जागा आणि जोडणी मिळवून देण्यात महापालिकेने पुढाकार घ्यावा.

आपल्या बाजूनेही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी आदेशानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वेगळे आहेत. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आणि एनटीपीसीचा वीज प्रकल्प आपल्या दाराशी आहेत, रेल्वेला तर चादरी आणि टॉवेल रोज लागतात. जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव नोंदवून आपल्या मालाचे नमुने आणि दर तेथे ठेवल्याशिवाय ही दारे उघडत नाहीत. दुसरी गोष्ट, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच गावचा अशी कायदेशीर ओळख, मिळालेले असून आपल्यापैकी फार थोडे जण त्याचा वापर करतात. बाहेरगावची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते अशी तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून मानांकनाचे चिन्ह आपल्याच मालावर लावले नाही, तर ती तक्रार करण्याचा हक्कही हळूहळू कमजोर होतो. देशातला ग्राहक निर्यातीइतका भाव देणार नाही हे मान्य आहे, पण उभ्या मागापेक्षा कमी नफ्यावर चालणारा माग बरा.

आणखी एक, थोडे कटू. आयकर कायद्यात २०२३-२४ या वर्षापासून अशी तरतूद आली की सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. मुदत लेखी करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५. तेव्हा शहरातल्या बऱ्याच कारखानदारांनी आपल्याला पैसे मिळतील म्हणून तिचे स्वागत केले आणि आपल्याला द्यावे लागतील म्हणून तिच्यावर टीकाही केली. जोडणीवाल्याचे आणि छोट्या प्रोसेसवाल्याचे बिल आपल्याकडे किती दिवस थांबते, हे कृपया एकदा पाहावे.

प्रश्न : पुणे महापालिकेने पाण्यासाठी कर्जरोखे काढले, मग सोलापूरने का काढू नयेत?

पुण्याने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले, आणि ते विकले गेले ते तिच्या स्वतःच्या कर-उत्पन्नाकडे पाहून. रोखे घेणारा माणूस शहराची गरज पाहत नाही, दर सहामाहीला व्याज देण्याची ऐपत पाहतो. सोलापूरची वसुली सुधारली, लेखापरीक्षित हिशेब वेळेवर जाहीर होऊ लागले आणि प्रकल्पातून पाणीपट्टी खरोखर वाढणार असली, तर विचार जरूर व्हावा. मंदीतली तूट भागवण्यासाठी मात्र तो मार्ग नव्हे.

प्रश्न : पार्क चौकात माझी भेळेची गाडी आहे. गिऱ्हाईक कमी झाले. कोणी म्हणते कर्ज मिळते, कोणी म्हणते मिळत नाही. खरे काय?

मिळते. पीएम स्वनिधी योजनेत जून २०२० पासून पथविक्रेत्यांना तारणाशिवाय खेळत्या भांडवलाचे कर्ज दिले जाते. पहिले कर्ज तेव्हा दहा हजार रुपयांचे होते, २०२५ मध्ये ते पंधरा हजारांचे झाले. ते वेळेवर फेडले की पंचवीस हजार आणि पुढे पन्नास हजारांपर्यंत मिळू शकतात. त्यासाठी महापालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र हवे. सर्वेक्षणात नाव राहून गेले असेल तर शिफारसपत्रासाठी अर्ज करता येतो. अर्ज जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी दोन-तीन महिने तरी करावा, म्हणजे कर्ज हाती येईल तेव्हा होम मैदानावर गिऱ्हाईकही असेल आणि परतफेडीचे पहिले दोन हप्ते तेथल्या विक्रीतूनच फिटतील.